शिकवणाऱ्या सिस्टरचं काम कागदावर कसं उतरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रुग्णालयातल्या एका नर्स एज्युकेटरने गेल्या काही वर्षांत जवळपास प्रत्येक वॉर्डातल्या सिस्टर्सना घडवलं आहे. सहकाऱ्यांना त्यांचं नाव पुरस्कारासाठी पाठवायचं आहे, पण शिफारसपत्र लिहायला बसलं की 'मेहनती, प्रेमळ, सगळ्यांची प्रेरणा' याच्या पुढे पेन सरकत नाही. मग लिहायचं काय? आणि पुरस्कार मिळाला नाही, तर त्यांच्या कामाची कदर आणखी कशी करता येईल?

माझी निम्मी नोकरी वॉर्डात गेली आणि निम्मी नर्सिंग प्रशासनात. निवड समित्यांवर बसून अशा शिफारसपत्रांचे गठ्ठेही वाचले आहेत. त्या अनुभवावरून सांगते.

पत्रात मॅडमबद्दल कमी लिहा. त्यांनी ज्यांना शिकवलं, त्यांच्याबद्दल जास्त लिहा. हे उलटं वाटेल, पण शिकवणाऱ्याचं काम त्याच्या स्वतःच्या हातात दिसत नाही, ते दुसऱ्यांच्या हातात दिसतं. वॉर्डातल्या नर्सने रात्रभर जागून पेशंट सांभाळला तर पेशंट आभार मानतो, नातेवाईक मानतात, डॉक्टरही फाइलमध्ये दोन शब्द लिहितात. एज्युकेटरकडे तिचा स्वतःचा पेशंट नसतो. तिच्या शिकवण्यामुळे जी चूक झालीच नाही, तिची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये करणार? म्हणूनच बहुतेक रुग्णालयांत वर्षाच्या शेवटी कौतुक होतं तेव्हा हे नाव राहून जातं. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, नजर तिकडे जातच नाही.

पुरस्कारांची घडणही बऱ्याचदा तशीच असते. नर्सेससाठीचा डेझी पुरस्कार बऱ्याच जणींना माहीत असेल. पॅट्रिक बार्न्स हा 33 वर्षांचा तरुण 1999 साली प्रतिकारशक्तीच्या आजाराने गेला. शेवटच्या दिवसांत नर्सेसनी त्याची जी काळजी घेतली, तिच्याबद्दलची कृतज्ञता म्हणून त्याच्या कुटुंबाने हा पुरस्कार सुरू केला. म्हणजे त्याचं मूळच पेशंटच्या नातेवाइकांच्या आभारात आहे. शिकवणाऱ्यांसाठी त्यांना पुढे वेगळा विभाग काढावा लागला. याउलट आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचं फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक पाहा. ते 1912 साली ठरलं, 1920 साली पहिल्यांदा दिलं गेलं आणि आता दर दोन वर्षांनी दिलं जातं. त्याच्या निकषांत युद्ध आणि आपत्तीतल्या सेवेबरोबरच सार्वजनिक आरोग्य आणि परिचर्या शिक्षणातलं अनुकरणीय किंवा नवी वाट पाडणारं काम स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. सांगायचा मुद्दा हा की कुठल्याही पुरस्काराला नाव पाठवण्याआधी निकषांचा कागद नीट वाचा. शिक्षणाचा स्वतंत्र विभाग असेल तर तिथेच पाठवा. पेशंटसेवेच्या सर्वसाधारण विभागात एज्युकेटरचं नाव घातलं की ते आयसीयूतल्या थरारक प्रसंगांसमोर फिकं पडतं.

आता पुराव्याकडे वळू, कारण पत्र तिथेच तरतं किंवा बुडतं.

प्रशिक्षणाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 साली प्रशिक्षणाचं मोजमाप करायच्या चार पायऱ्या मांडल्या. शिकणाऱ्याला वर्ग आवडला का, तो काही शिकला का, कामावर परतल्यावर त्याचं वागणं बदललं का, आणि त्यातून काही निष्पन्न झालं का. माझ्या वाचनात आलेली बहुतेक शिफारसपत्रं पहिल्या पायरीवरच बसलेली असतात. 'मॅडमचा क्लास सगळ्यांना आवडतो.' 'हजेरी नेहमी भरपूर असते.' हजेरीचं रजिस्टर हा पुरावा मानूच नका. त्यातून इतकंच कळतं की इन्चार्ज सिस्टरने ड्यूटी लावताना माणसं सोडली. दुसरी पायरी म्हणजे परीक्षेचे गुण. ते असतील तर एका ओळीत लिहा आणि पुढे जा. खरी मेहनत तिसऱ्या पायरीवर करायची आहे: मॅडम समोर नसताना, रात्री अडीच वाजता, दोनच सिस्टर्स वॉर्डात असताना हात कसे चालतात?

नमुना म्हणून एक उदाहरण रचून दाखवते. नेहमीच्या पत्रातलं वाक्य असं असतं: 'मॅडमनी आम्हाला संवादकौशल्य उत्तम शिकवलं.' समितीतल्या कुणाच्याही मनात यातून काही उभं राहत नाही. आता हेच असं लिहा:

'पूर्वी आमच्या वॉर्डातून रात्री डॉक्टरांना फोन जायचा तो "पेशंटला बरं वाटत नाहीये" एवढाच. मॅडमनी परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आपली मागणी या चार टप्प्यांत बोलण्याचा सराव फोन हातात देऊन करून घेतला. नोकरीला लागून चार महिने झालेल्या सिस्टरने नंतर एका रात्री सांगितलं: "पोटाचं ऑपरेशन होऊन बारा तास झालेल्या पेशंटची नाडी 128 आहे, बीपी 90/60, दोन तासांत लघवी फक्त 20 मिली. आतून रक्तस्राव होत असावा असं मला वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघावं." डॉक्टर लगेच आले. मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या.'

शेवटचं वाक्य बघा. मॅडम रजेवर होत्या हाच या परिच्छेदातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे. जिच्या गैरहजेरीतही तिचं शिकवणं चालू राहतं, तिच्याबद्दल 'समर्पित' हा शब्द लिहायची गरजच उरत नाही. (ही बोलण्याची पद्धत एसबार या नावाने ओळखली जाते. ती अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. पाणबुडीत काय किंवा वॉर्डात काय, हाताखालच्या माणसाने वरिष्ठाला थोडक्यात आणि न घाबरता सांगणं हाच कळीचा भाग.)

असे प्रसंग शोधायचे कुठे? क्रॅश कार्टपाशी, म्हणजे तातडीच्या औषधांच्या आणि साहित्याच्या ट्रॉलीपाशी शोधा. हृदय बंद पडलेल्या पेशंटच्या छातीवरचे दाब मिनिटाला 100 ते 120 आणि 5 ते 6 सेंटीमीटर खोल हवेत हे पाठ सगळ्यांनाच असतं, पण मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, हात ठेवला की खोली कमी पडते. शिवाय हे कौशल्य काही महिन्यांतच ओसरतं. म्हणून चांगली एज्युकेटर वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम घेऊन थांबत नाही, मॅनिकिन घेऊन वॉर्डात येते आणि ड्यूटी चालू असतानाच दहा मिनिटं सराव घेते. तुमच्या मॅडम असं करत असतील तर ते लिहा. मॉक ड्रिलमध्ये पेशंट कोसळल्यापासून पहिला दाब पडेपर्यंत लागणारा वेळ कुणी नोंदवला असेल, तर आधीचा आणि नंतरचा आकडा द्या. औषधांच्या कपाटापाशीही शोधा. पोटॅशियम क्लोराईडचे तीव्र अँप्यूल साध्या सलाईनच्या अँप्यूलशेजारून हलवायला कुणी लावले? इन्सुलिनचा डोस दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेण्याची सवय कुणामुळे रुजली? हात धुण्याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले पाच क्षण भिंतीवर सगळीकडेच चिकटवलेले असतात. ते क्षण पाळले जातात का, हे बघत कोपऱ्यात गप्प उभं राहून नोंदी ठेवणारी व्यक्ती कोण?

आकडे देताना दोन गोष्टी सांभाळा.

सगळं श्रेय एका माणसाला देऊ नका. कॅथेटरमुळे होणारा संसर्ग कमी झाला, आणि त्याच सुमारास नवे किटही आले, तर किटचा उल्लेख करा. समितीत अनुभवी माणसं असतात. वॉर्डातली कुठलीही सुधारणा एकट्याने होत नाही हे त्यांना ठाऊक असतं. 'यात नव्या साहित्याचाही वाटा आहे, पण तेच साहित्य मिळालेल्या इतर वॉर्डांत इतका फरक दिसला नाही' असं लिहिणाऱ्या पत्रावर त्यांचा विश्वास बसतो.

दुसरी गोष्ट जरा फसवी आहे. एज्युकेटर चांगली असेल तर चुकांच्या नोंदी अनेकदा वाढतात. संशोधक अ‍ॅमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवर केलेला अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असं त्यांना वाटत होतं. आकडे उलटे आले, चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. कारण तिथल्या नर्सेस चूक लपवत नव्हत्या, बोलत होत्या. त्यामुळे तुमच्या मॅडम आल्यापासून 'थोडक्यात टळलेल्या' घटनांच्या नोंदी वाढल्या असतील, तर ते झाकून ठेवू नका. उलट समजावून लिहा की पूर्वी चुकीचा डोस भरला गेला आणि वेळेत लक्षात आला, तर तो बेसिनमध्ये ओतून विषय संपायचा, आता त्याचा फॉर्म भरला जातो आणि पुढच्या क्लासमध्ये नाव न घेता त्यावर चर्चा होते. माझ्या मते एखाद्या एज्युकेटरबद्दल याहून मोठी शिफारस करता येत नाही.

'सहकाऱ्यांना प्रेरणा देतात' हे वाक्य तुम्हाला लिहायचंच असेल, याची मला खात्री आहे. लिहा, पण त्याआधी प्रेरणा म्हणजे नेमकं काय झालं ते तपासा. लोकप्रिय असणं वेगळं आणि घडवणं वेगळं. सगळ्यांशी गोड बोलणाऱ्या, कुणालाच न टोकणाऱ्या मॅडम लोकप्रिय असतात. मी विचारते ते प्रश्न असे: त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी कितीजणी आज स्वतः नव्यांना शिकवतात? वीस वर्षं नोकरी झालेल्या सीनियर सिस्टर्स त्यांच्याकडे शंका घेऊन जातात का? न येणाऱ्या प्रश्नावर त्या 'मला माहीत नाही, उद्या बघून सांगते' म्हणतात का, आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगतात का? चूक दाखवताना पेशंटच्या खाटेशी दाखवतात की बाजूला घेऊन? या शेवटच्या गोष्टीला मी फार किंमत देते. पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर झापलेली मुलगी ती प्रक्रिया आयुष्यात विसरत नाही हे खरं, पण पुढची शंका ती कुणालाच विचारत नाही.

परिचर्येच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 साली नर्सच्या वाढीचे नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत पाच टप्पे मांडले. त्यातला एक भाग एज्युकेटरला पारखायला फार उपयोगी पडतो. नवशिकीला नियम हवे असतात: तापमान इतकं झालं की हे कर. तज्ज्ञ सिस्टर मात्र पेशंटकडे नुसती बघते आणि 'हा मला ठीक वाटत नाही' म्हणते. कशावरून, ते तिला चटकन सांगता येत नाही. सामान्य शिक्षक दोघींना एकच स्लाइड दाखवतो. उत्तम एज्युकेटर नवशिकीला पायरी-पायरीने नेते आणि तज्ज्ञ सिस्टरला समोर बसवून खोदून विचारते: तुला नेमकं काय दिसलं? श्वास बदलला होता का? त्वचेचा रंग? बोलण्यातला गोंधळ? असं विचारून विचारून तिचं आतलं ज्ञान शब्दांत आणते आणि ते नव्यांच्या हाती देते. तुमच्या मॅडमनी असं कुणाकडून काढून घेतलं असेल, तर त्या जुन्या सिस्टरलाच चार ओळी लिहायला सांगा. 'माझ्याजवळ शिकवण्यासारखं काही आहे हे मला मॅडममुळे कळलं' असं एखादीने लिहिलं, तर ते संपूर्ण पत्राहून भारी पडतं.

नव्यांचीही साक्ष घ्या. कॉलेजातून आलेल्या मुलीला पहिल्या काही महिन्यांत वॉर्डाचं खरं रूप दिसतं आणि ती हादरते. परिचर्येच्या संशोधक मार्लीन क्रेमर यांनी 1974 सालीच याला वास्तवाचा धक्का असं नाव दिलं. याच काळात अनेकजणी राजीनाम्याचा विचार करतात. तेव्हा त्यांना कुणी धरून ठेवलं, कसं धरून ठेवलं, हे त्यांच्याच शब्दांत येऊ द्या. शक्य असेल तर इथून सोडून दुसरीकडे गेलेल्या एक-दोघींनाही विचारा. त्यांना आता कुणाची मर्जी राखायची नसते, म्हणून त्यांचं मत वजनदार ठरतं.

एक गोष्ट मात्र पत्रात घालू नका, हात जोडून सांगते. 'मॅडमनी कधी रजा घेतली नाही', 'घरदार विसरून त्या रात्री बारापर्यंत थांबतात', 'जेवायलाही उठत नाहीत'. हे लिहिणाऱ्याला कौतुक वाटतं. व्यवस्थापन मात्र त्यातून असा अर्थ काढतं की एक माणूस तीन माणसांचं काम करू शकतो, मग दुसरी जागा भरायची कशाला. आणि हे वाचणारी तरुण सिस्टर मनाशी ठरवते की एज्युकेटर व्हायचं असेल तर घर सोडावं लागतं, नको रे बाबा. त्यागाची स्तुती करून आपण त्या पदावर पुढे येऊ शकणाऱ्या माणसांना पळवून लावतो.

लिहिण्याच्या तांत्रिक बाबी थोडक्यात. मॅडमची परवानगी घ्या. अचानक आनंदाचा धक्का द्यायची हौस असते, पण काहींना असं पुढे येणं मनापासून नको असतं. पेशंटचं नाव, खाट क्रमांक, तारीख असं ओळख पटवणारं काहीही पत्रात नको. दहा प्रसंग एकेका ओळीत देण्यापेक्षा दोन प्रसंग नीट द्या. सह्या भरपूर गोळा करण्यात वेळ घालवू नका, वेगवेगळ्या जागी उभ्या असलेल्या तीन-चार जणांची छोटी पत्रं जोडा: एक नवी सिस्टर, एक जुनी, एक डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, जमल्यास एक वॉर्डातली मदतनीस. मदतनिसांचं मत सहसा कुणी विचारत नाही. पण पेशंटला कूस बदलून देताना पाठीवरची लाल झालेली जागा पहिल्यांदा त्यांनाच दिसते, आणि ती दिसली की काय करायचं हे कुणी शिकवलं ते त्यांना बरोबर आठवतं.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, पुरस्काराखेरीज काय. इथे मला थोडा इतिहास आठवतो. क्रिमियाच्या युद्धातल्या कामाबद्दल फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा गौरव करायचा म्हणून 1855 साली लोकांनी निधी जमवायला सुरुवात केली. 40 हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. त्या पैशांतून 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सेसना शिकवणारी शाळा उभी राहिली. गौरवासाठी आलेले पैसे शिक्षणात गेले. गंमत अशी की त्या शाळेचं रोजचं काम नाइटिंगेल बघत नव्हत्या, ते मेट्रन, म्हणजे नर्सेसच्या प्रमुख, सेरा वॉर्डरोपर बघत होत्या. शाळेला नाव एकीचं, तिथे रोज मुलींच्या मागे उभी राहणारी दुसरीच. वॉर्डरोपर हे नाव आज किती नर्सेसना माहीत आहे?

तुमच्या मॅडमना खरंच काही द्यायचं असेल तर आधी वेळ द्या. एज्युकेटरची सगळ्यात मोठी तक्रार मानधनाचीही नसते. वॉर्डात माणसं कमी पडली की सगळ्यात आधी क्लास रद्द होतो आणि त्यांना ड्यूटीवर उभं केलं जातं, ही असते. माणसं कमी आहेत हे खोटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात सुमारे 2 कोटी 98 लाख नर्सेस आहेत आणि अजून 58 लाख कमी पडतात. पण ही तूट भरून काढणाऱ्या मुलींना तयार करणारं माणूसच रोज तुटीत ओढलं, तर तूट वाढतच राहते. आठवड्यातले ठरावीक तास शिकवण्यासाठी राखीव, आणि ते तास मेट्रनच्या लेखी परवानगीशिवाय कुणी काढून घ्यायचे नाहीत, एवढा एक ठराव करून घ्या. एज्युकेटरला तो स्मृतिचिन्हापेक्षा जास्त आवडेल, हे मी पैजेवर सांगते.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत पण लागतात. त्यांनी तयार केलेल्या कार्यपद्धतीच्या कागदावर त्यांचं नाव छापा. बहुतेक ठिकाणी तिथे समितीचं नाव असतं आणि लिहिणारी गायब. संसर्ग नियंत्रण आणि औषध सुरक्षेच्या बैठकांत त्यांना खुर्ची द्या आणि बोलू द्या. त्यांनाही शिकायला पाठवा. इतरांना सतत ज्ञान वाटत राहणाऱ्या माणसाला स्वतःचं वाचन करायला, परिषदेला जायला फार क्वचित मिळतं. 12 मे च्या परिचारिका दिनाला पुष्पगुच्छ जरूर द्या, पण भाषण वरिष्ठांपैकी कुणाला देण्याऐवजी त्यांच्याकडे शिकलेल्या सगळ्यात नव्या मुलीला बोलू द्या, पाच मिनिटं, कागद न बघता.

पुरस्काराचा निकाल काहीही लागला तरी जमवलेली पत्रं कपाटात टाकू नका. मूळ प्रती मॅडमच्या हातात द्या आणि एक संच त्यांच्या सेवापुस्तिकेच्या फाइलला लावायला सांगा, आवक क्रमांक घेऊन. पुढच्या बढतीच्या वेळी समोर बसलेल्या माणसांनी त्यांना शिकवताना कधीच पाहिलेलं नसेल.